पक्कं घर, कच्चा विचार

गेल्या रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "बाबू, जुनं घर दिवाळीनंतर पाडाचं म्हणतो. सागाच्या लाकडाले गिऱ्हाईक आहे. तू पैशाचं काय ते सांग."

मी "बघतो, सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिलो. कारण २०२२ मध्ये हाच प्रश्न आला होता तेव्हा मी मिनिटभरसुद्धा विचार केला नव्हता. अर्धं घर तेव्हा पाडलं, त्या जागी स्लॅब टाकला, आणि त्याचे पैसे अस्मादिकांनी हिंजवडीतून पाठवले. आता उरलेल्या अर्ध्याची पाळी आहे. आणि या वेळी माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते काकांना फोनवर धड सांगता येणार नाही (आमच्याकडे काकांशी वाद घालायची पद्धत नाही), म्हणून आधी इथे लिहून काढतोय. थोडं लांबेल, पण शनिवार आहे, वाचा निवांत.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. धानाचा पट्टा. जुनं घर तिथल्या कुठल्याही घरासारखं: दीड हात जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, बांबूच्या कमच्यांवर कवेलू, खाली मातीने लिंपलेला माळा, समोर ऐसपैस छपरी आणि मागे सांदवाडी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी चार महिने त्याच घरात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्या काळात त्या घराबद्दल माझं मत अत्यंत वाईट झालं. पाऊस सुरू झाला की तीन ठिकाणी बादल्या. वानरांची टोळी आली की दहा-वीस कवेलू फुटलेच. वाळवी. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्यात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू. पाहुणे आले की त्यांची नजर आधी छपराकडे जाते. तेव्हाच ठरवलं, पहिला बोनस आला की स्लॅब.

झाला स्लॅब. तीन खोल्या, सपाट छप्पर, प्रत्येक खोलीला एक खिडकी ग्रिलसकट, खाली चकचकीत टाइल्स, बाहेरून पिस्ता रंग. नकाशा तालुक्याच्या एका ड्राफ्ट्समनने अर्ध्या तासात काढून दिला. आमच्या आधी त्याने तोच नकाशा किती जणांना दिला होता ते त्यालाच ठाऊक. मी व्हॉट्सअॅपवर पाहिला आणि अंगठा दाखवला. एवढंच माझं रिक्वायरमेंट अॅनालिसिस!

मग गेल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागला. छताखाली उभं राहिलं की डोक्यावर कोणी तवा धरलाय असं वाटत होतं. लाइट गेलेली, म्हणजे कुलरही बंद. आजी तिची खाट ओढत जुन्या घराच्या छपरीत निघाली होती. म्हटलं, "आजी, लाइट येईल आता, आतच झोप ना." तर म्हणाली, "तुझं घर हिवाळ्यात साजरं आहे बाबू. उन्हाळ्यात नाही. मले इथंच झोप येते."

ज्या माणसासाठी घर बांधलं तो माणूस त्यात झोपत नाही. आमच्या धंद्यात याला सिस्टिम फेल झाली असं म्हणतात. गावात मात्र याला 'प्रगती' म्हणतात आणि हार घालून वास्तुशांत करतात.

तर माझा मुद्दा असा आहे, आणि तो पहिल्यांदाच स्वच्छ सांगून टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत आधुनिक वास्तुकला म्हणून जे पोचलंय ते आधुनिक नाहीच. आधुनिकतेचा जो चांगला अर्धा भाग होता, म्हणजे 'कोण राहणार, हवा कशी, काम काय' हे प्रश्न विचारायचा, तो वाटेत गळून पडला. उरला फक्त दुसरा अर्धा: एकच नकाशा, सगळीकडे. आणि हे आपल्यावर कोणी परकीयाने लादलेलं नाही. सरकारी व्याख्या, आळशी नकाशे आणि आमच्यासारखी पगारदार मुलं, या तिघांनी मिळून हे केलंय.

आता थोडा इतिहास. कंटाळा आला तरी वाचा, कारण गंमत त्यातच आहे.

यंत्रयुग आलं तसं बांधकामाचं सामान बदललं. १८२४ मध्ये इंग्लंडात पोर्टलँड सिमेंटचं पेटंट निघालं. १८५१ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, लोखंड आणि काचेचे कारखान्यात बनलेले तुकडे जोडून. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये एन्नेबिकने लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचं पेटंट घेतलं. १९१४ मध्ये ल कॉर्बुझिएने एक साधं चित्र काढलं: सहा खांब, तीन स्लॅब, एक जिना, भिंती हव्या तिथे घाला. आपण ज्या ज्या इमारतीत राहतो, त्या सगळ्या त्या चित्राची नातवंडं. तोवरचे वास्तुकार कारखान्यालाही ग्रीक देवळाचे खांब चिकटवत होते. या नव्या मंडळींनी विचारलं, कशाला? इमारत ज्या कामासाठी आहे ते काम तिने करावं, खोटे दागिने घालू नयेत. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस सुरू झालं ते याच विचाराने. प्रामाणिक लोक होते. कामगारांना स्वस्त, उजेडाची, हवेशीर घरं मिळावीत ही त्यांची खरी तळमळ होती. माझं त्यांच्याशी भांडण नाही.

भांडण सुरू होतं १९३२ पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये प्रदर्शन भरलं आणि या सगळ्याला नाव मिळालं, 'आंतरराष्ट्रीय शैली'. बघा हं, जो विचार 'शैली नको, काम बघा' म्हणत आला होता त्याचीच शैली झाली. सपाट छप्पर, पांढऱ्या भिंती, पट्टीसारख्या खिडक्या. प्रश्न गेले, उत्तर तेवढं राहिलं. कोणाच्या तरी प्रोजेक्टमधलं उत्तर उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये चिकटवणं हे आपल्याला काही नवीन नाही. चालतं ते, जोवर इनपुट तेच असतं.

आणि इथे इनपुट काय आहे? २ जून २००७ ला चंद्रपुरात ४९ अंश तापमानाची नोंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो, आणि त्या सुट्टीत आम्ही दुपारभर माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत पत्ते खेळलो होतो एवढं मला लख्ख आठवतंय. त्यानंतर पावसाळ्यात हाच मुलूख चिंब होतो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की गावाचा जगाशी संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. म्हणजे चार महिने भट्टी, चार महिने पाणी. एवढी कडक परीक्षा घेणारी हवा, आणि तिच्यासाठी आपण उचललेलं उत्तर युरोपातलं. तेही चुकीचं उचललेलं.

चुकीचं का? कारण खुद्द कॉर्बुझिए हिंदुस्थानात आला तेव्हा त्यालाही बदलावं लागलं. चंदीगडच्या हायकोर्टाच्या (१९५५) इमारतीवर त्याने छपरावर आणखी एक छप्पर घातलं, मधून वारा जाईल असं. भिंतींपुढे उन्हाला अडवणाऱ्या खोल काँक्रीटच्या चौकटी उभ्या केल्या. न्यायमूर्तींना दुहेरी छत्री, आणि माझ्या आजीला एकेरी स्लॅब! तुम्ही म्हणाल, खर्च. पण आजीच्या जुन्या घराला ती दुहेरी छत्री होतीच की. वर कवेलू, खाली मातीचा माळा, मध्ये हवा.

हे जरा समजून घ्या, कारण मलाही घर पाडल्यावरच समजलं. काँक्रीटचा चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो. ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणजे बाहेर वारा जरा गार होतो नेमकं तेव्हा, आपण झोपायला जातो तेव्हा, स्लॅब आत उष्णता ओतायला लागतो. कवेलूचं छप्पर असं करत नाही. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. माळ्यावरची माती उरलीसुरली अडवते. दीड हाताची मातीची भिंत इतकी संथ, की दुपारची आच तिच्यातून आत यायला जवळजवळ रात्र उजाडते, आणि तोवर आपण छपरीत असतो. छपराच्या खाली उतरत्या पाख्या भिंतीला पावसापासूनही वाचवतात आणि उन्हापासूनही. छपरी ही काही शोभेची गोष्ट नव्हती. दुपारची ती सावली होती, रात्रीचं शयनगृह होतं, आणि धान घरात येण्याच्या दिवसांत गोदाम.

जुना कोड बघून नाक मुरडणारा नवा इंजिनीअर प्रत्येक टीममध्ये असतो. "हे काय गबाळं लिहिलंय, सगळं नव्याने लिहू." मग नव्याने लिहितो आणि सहा महिन्यांनी कळतं, की त्या गबाळ्या ओळींपैकी प्रत्येक ओळ कुठल्यातरी मध्यरात्रीच्या गोंधळानंतर घातलेली होती. मी ऑफिसात या मंडळींना हसतो. गावी मात्र मी स्वतः तेच केलं.

बरं, 'आधुनिक म्हणजे सिमेंट, आणि सिमेंट म्हणजे बाहेरचं' असं म्हणायचीही सोय नाही. उलट आहे. राजुरा-कोरपना भागात जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने आहेत. कोळसा इथला. दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झालं, आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. बल्लारपूरची पेपर मिल १९४० च्या दशकातली, ती उभी राहिली इथल्या बांबूवर. एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड निघतोय. आणि साग? २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी सागवान गेलं, मोठी मिरवणूक निघाली, अख्ख्या जिल्ह्याला अभिमान वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

पण हिशेब मांडा. मी हिंजवडीत ज्या काचेच्या इमारतीत बसतो तिला लागणारं सगळं आमच्या दोन जिल्ह्यांत निघतं: सिमेंट, लोखंड, कोळसा, वीज. आधुनिक वास्तुकलेचा कच्चा माल आमचा. आणि परत काय येतं? तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातला एक नकाशा. शेजारच्या तालुक्यात वीज तयार होते आणि आजीचा कुलर बंद पडतो तो प्रकार वेगळाच, त्यावर पुन्हा कधीतरी.

चंद्रपूर शहरात एक चक्कर मारली तरी हा सगळा प्रवास दिसतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे गोंड राजांच्या परकोटाचे दरवाजे. दगड इथला, हात इथले. मग इंग्रजांचे बंगले: उंच छत, जाड भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा. गोऱ्या साहेबालाही दोन उन्हाळ्यांत छपरी शिकावी लागली. मग ऊर्जानगरच्या, कोळसा खाणींच्या वसाहती: एकसारखी क्वार्टर्स, पण निदान झाडं लावलेली, दोन घरांत मोकळी जागा सोडलेली. आणि आता? मुख्य रस्त्यावरची दुकानं अॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांत आणि निळ्या काचांत गुंडाळलेली, पश्चिमेकडे तोंड करून. आत सहा एसी. एकामागोमाग एक बघत गेलं तर सामान सुधारत जातं आणि अक्कल कमी होत जाते.

गंमत म्हणजे इथल्या संस्कृतीला जागा नाही असं नाही. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही रेल्वे स्टेशनं २०१८ मध्ये देशातली सर्वांत सुंदर स्टेशनं ठरली, ती ताडोबाच्या वाघांच्या आणि आदिवासी कलेच्या चित्रांमुळे. चित्रं खरंच छान आहेत. पण म्हणजे आदिवासीने भिंतीवर चित्र काढलेलं आपल्याला चालतं. भिंत कशी बांधायची हे त्याला विचारायला नको.

आणि कधी काळी त्याने स्वतःहून बांधलं तर काय झालं तेही ऐका. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं गाव आहे. १९८० च्या दशकात गावाने ठरवलं, की आपलं गोटुल पुन्हा उभारायचं. गोटुल म्हणजे तरुण पोरापोरींचं, गावाच्या बैठकीचं घर. परंपरेप्रमाणे खांब सागाचे. सागाला हात लावला म्हणून वनखात्याने ते पाडलं. गाव वाकलं नाही. पुन्हा बांधलं, आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी केली. शेवटी खातं गप्प बसलं. देवाजी तोफांच्या या गावाला पुढे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्याने विकायचा अधिकार.

मला ही गोष्ट फक्त हक्कांची वाटत नाही, वास्तुकलेची वाटते. आपण समजतो की जुन्या पद्धतीची घरं लोकांनी आवड बदलली म्हणून गेली. काही अंशी गेलीही. पण आधी १८७८ च्या आणि मग १९२७ च्या वन कायद्याने साग सरकारचा झाला. १९२७ च्या कायद्यात तर बांबूला चक्क झाड म्हटलं होतं. ते गवत आहे हे कबूल करायला २०१७ साल उजाडलं, तेही जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं. खांबाला लाकूड आणलं तर गुन्हा, आणि तोच बांबू कागदासाठी गिरणीला ट्रकने. मग माणूस सिमेंटच्या खांबाकडे वळला तर ती 'आवड' कशी? ज्या सामानाला परवाना लागत नाही त्या सामानाचीच शैली होते.

यात भर घातली दोन शब्दांनी. कच्चं आणि पक्कं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत कच्च्या भिंती, कच्चं छप्पर ही वंचित असल्याची खूण धरली गेली, आणि घरकुलाची यादी तिच्यातून निघाली. गरिबाला घर मिळावं हा हेतू सोळा आणे चांगला. पण त्यामुळे माती आणि बांबू म्हणजे गरिबी हे समीकरण कागदावर पक्कं झालं. आमच्या गावात शंभर वर्षं उभी असलेली मातीची भिंत 'कच्ची', आणि तीन वर्षांत ओल धरलेली चार इंची विटेची भिंत 'पक्की'. भाषाच अशी असेल तर कोणता बाप मुलीच्या लग्नाआधी कच्च्या घरात राहील?

खरं तर नियम इतका वाईट नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, आणि ते नीट देखभाल केली तर किमान ३० वर्षं टिकावं, एवढी अपेक्षा. ठेकेदार नको, मालकाने स्वतः बांधावं असंही त्यात आहे. ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' नावाचा संग्रहच काढला, निरनिराळ्या प्रदेशांच्या हवेप्रमाणे आणि सामानाप्रमाणे घरांचे नमुने असलेला. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामाचं प्रकरण आहे. भूकंपात मातीचं घर कसं टिकवायचं याचं भारतीय मानक १९९३ पासून आहे. म्हणजे डॉक्युमेंटेशन तयार आहे. उघडून वाचायचं कोणी? सिव्हिल केलेल्या माझ्या मित्रांना विचारलं, चार वर्षांत मातीच्या भिंतीवर किती लेक्चर्स झाली? हसले नुसते. मग तालुक्याचा इंजिनीअर तोच डबा काढून देतो, कारण त्या डब्याला प्रश्न विचारले जात नाहीत आणि हप्ता अडकत नाही. आणि एक लाख तीस हजारांत (दुर्गम आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांचा दर) तो डबा कसाबसा पुरा होतो. आमच्या शेजाऱ्यांचं घरकुल आहे. त्यात धानाची पोती असतात आणि माणसं मागच्या कुडाच्या झोपडीत. सरकारदरबारी ते कुटुंब 'पक्क्या घरात' राहतं.

आता तुमचे आक्षेप. मला ते ऐकू येतायत.

पहिला: "पुण्यात एसीत बसून आदिवासींना मातीत राहा म्हणतोस?" मुळीच नाही. गळणारं छप्पर, वाळवी, भिंतीतला साप, दरवर्षीची डागडुजी हे काही कवितेचे विषय नाहीत. बादल्या मी ठेवल्या आहेत. ज्याला स्लॅब हवा त्याने तो घ्यावा. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्यापुढे एकच पर्याय ठेवून मग 'त्यालाच हवा होता' असं म्हणू नका.

दुसरा: "बांबू जळतो." जळतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची बांबूची भव्य इमारत बांधून होत आली होती, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आगीत गेली. बातमी वाचून मीही म्हटलं होतं, बघा, म्हणून काँक्रीट. आज वाटतं, तो निष्कर्ष घाईचा होता. आगीपासून बचाव ही इंजिनीअरिंगची गोष्ट आहे. लोखंडाच्या इमारतींनाही तो करावा लागतो. काँक्रीटवर जगाने शंभराहून जास्त वर्षं पैसा आणि डोकं खर्च केलं. बांबूवर त्याच्या शतांश करा, मग तुलना करू.

तिसरा: "हे सगळं ठीक, पण कुठे झालंय का?" झालंय, आणि आमच्याच इथे. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने दवाखाना काढायचं ठरवलं तेव्हा आधी लोकांना विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, नातेवाइकांना थांबू देत नाहीत, पांढरे कपडे बघून भीती वाटते. मग शोधग्रामात दवाखाना उभा राहिला तो आदिवासी वस्तीसारखा, छोट्या छोट्या झोपड्यांचा, रुग्णाबरोबर घरचे राहू शकतील असा. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. आत उपचार आजच्या काळातले. वापरणाऱ्याला विचारून इमारत बांधणं ही बाउहाउसच्या पोटातली मूळ गोष्ट मला अॅल्युमिनियमच्या चकचकाटात कुठे सापडली नाही, तिथे सापडली.

तर काकांना काय सांगायचं? मी या आठवड्यात बसून यादी केली. जुनं अर्धं घर पाडायचं नाही. सागाचे खांब विकायचे नाहीत. आज तसे आणायचे म्हटलं तर जन्माची कमाई जाईल. भिंतींचा खालचा दोन हात भाग दगडाने बांधून घ्यायचा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही अडतील. कवेलूखाली पाणी अडवणारा थर घालायचा, म्हणजे वानरांनी चार फोडले तरी बादली नको. बांबू बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून घ्यायचा. आणि माझ्या स्लॅबवर पुढच्या उन्हाळ्याआधी पांढरा चुना, त्यावर जमलं तर बांबूचा सांगाडा आणि जुन्याच कवेलूंचं दुसरं छप्पर. न्यायमूर्तींना मिळतं ते आजीलाही मिळू दे. खर्च काढला, सगळं पाडून नवीन बांधण्यापेक्षा बराच कमी येतोय. काका पैशाची भाषा समजतात, तेवढी एक आशा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असं एखादं गावचं घर असेल, आणि यंदा नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हालाही असा फोन येईल. पैसे जरूर पाठवा. फक्त अंगठा दाखवायच्या आधी एक रात्र मे महिन्यात तिथे झोपून या, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तू कुठे झोपतेस आणि का. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही, म्हणून सांगतोय.

असो. काकांना आज संध्याकाळी फोन करायचाय. आधी आजीला देतो म्हणजे निम्मं काम होईल.